पडदा उघडला नाही म्हणून थिएटर पाडायचं?

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या यच्चयावत दुखण्यांवर एकच औषध आहे. फॉरमॅट! मशीन स्लो झालं, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. आणि स्क्रीन काळी पडली असेल तर मग विचारूच नका. दुकानातला पोरगा लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगतो, ‘फॉरमॅट मारावं लागेल, संध्याकाळी घेऊन जा.’ आपणही मान डोलावून चहा प्यायला जातो. आत तीन वर्षांचं काम होतं हे संध्याकाळी आठवतं.

विंडोजच्या राज्यात ही सवय एक वेळ खपून जायची. पण मंडळी, आता ही फॉरमॅटबाजी लिनक्सवाल्यांच्या मुळावर आली आहे. त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही जरा अलीकडचा लागतो. त्यामुळे एरवी ठणठणीत असलेले कितीतरी लॅपटॉप रातोरात ‘म्हातारे’ ठरले. मग कुणी ऑफिसातल्या मित्राकडून पेनड्राइव्ह आणला, कुणी भावाच्या मागे लागलं आणि त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घेतलं. सुंदर चालतं. फुकट आहे. ब्राउझर आहे, लिबरऑफिस आहे, अजून काय पाहिजे?

आणि मग एका सकाळी डेस्कटॉप येतच नाही.

लोगो दिसतो, गोल गोल फिरतं आणि पुढे काळोख. किंवा काळ्या स्क्रीनवर नुसता माऊसचा बाण. किंवा सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे पासवर्ड टाकायचा, स्क्रीन क्षणभर लुकलुकणार आणि परत तोच पासवर्डचा चौकोन पुढ्यात. पुन्हा टाका, पुन्हा तेच.

अशा वेळी घाबरून जायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लिनक्समध्ये कॉम्प्युटर चालणं आणि चित्र दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये जे केलं ते कर्नल. डिस्क, मेमरी, कीबोर्ड या सगळ्यांना कामाला लावणारा मुकादम म्हणा. खिडक्या, बटणं, माऊसचा बाण हा कारभार त्याच्या डोक्यावर बसलेल्या दुसऱ्याच प्रोग्रामचा. त्याचं नाव एक्स. तो लिनक्सपेक्षाही वयाने मोठा आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये त्याचा जन्म झाला. त्याची जागा घ्यायला २००८ मध्ये वेलँड आला आणि आता बऱ्याच ठिकाणी तोच असतो. या दोघांपैकी जो असेल त्याच्यावर मग ग्नोम, केडीई किंवा सिनॅमन यांची सजावट.

म्हणजे नाटकाचा पडदा उघडला नाही इतकंच झालंय. नट आत आहेत, लाइटवाला आहे, वेशभूषा जागच्या जागी आहे. पडद्याची दोरी कुठेतरी अडकली आहे. आता यावर उपाय म्हणून कुणी थिएटर पाडतं का? पण फॉरमॅट म्हणजे अगदी तेच!

खरोखर जिवंत आहे का, हे बघायची एक साधी युक्ती आहे. कॅप्स लॉक दाबा. की वरचा दिवा लागतोय-विझतोय? मग मुकादम कामावर आहे. आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतील आणि नाव विचारलं जाईल. हा मागचा दरवाजा. स्टेजच्या मागून आत जायचा.

परवा माझ्या एका मैत्रिणीला मी फोनवरून याच दरवाजाने आत नेलं. ती ठाण्याला राहते, घरून भाषांतराची कामं करते. तिचा लॅपटॉप सात वर्षांचा, त्यावर गेल्या डिसेंबरपासून मिंट. शनिवारी रात्री साडेनऊला फोन. पासवर्डचा चौकोन परत परत येतोय. सोमवारी सकाळी दहाला एक हस्तलिखित द्यायचं होतं, ते एकवेळ पुढे ढकलता आलं असतं. पण त्याच लॅपटॉपवर तिच्या आजोबांची रेकॉर्डिंग्ज होती. आजोबा लालबागच्या गिरणीत होते, १९८२ चा संप त्यांनी पाहिलेला. दोन वर्षं दर रविवारी बसून हिने त्यांना बोलतं केलं होतं. चाळीसेक तास. मागच्या दिवाळीत आजोबा गेले. दुसरी कॉपी नाही. आणि कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला होता, ‘ताई, विंडोज टाकून देतो, हे लिनक्स-बिनक्स काढा, डेटाची गॅरंटी नाही.’

‘अरे, पासवर्ड चुकतोय का माझा?’ तिचा पहिला प्रश्न.

नाही. चुकला असता तर मशीनने तसं तोंडावर सांगितलं असतं. चौकोन परत येतोय याचाच अर्थ पासवर्ड बरोबर आहे, तुम्हाला आत घेतलंय आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या काहीतरी कोसळल्यामुळे बाहेर आणून सोडलंय. ही खूण फार कामाची. हिच्यामुळे अर्धा तपास तिथल्या तिथे संपतो. कर्नल ठीक, एक्स ठीक, ग्राफिक्स कार्ड बहुतेक ठीक. गडबड तुमच्या स्वतःच्या घरात, म्हणजे होम फोल्डरच्या आसपास आहे.

मागच्या दरवाजातून नाव टाकलं (छोट्या लिपीतलं युजरनेम, स्क्रीनवर दिसतं ते गोंडस नाव नव्हे), मग पासवर्ड. ‘अरे काहीच उमटत नाहीये! कीबोर्ड पण गेला!’ कीबोर्ड गेलेला नसतो. तिथे पासवर्ड टाइप करताना चांदण्यासुद्धा दिसत नाहीत. अंधारात टाइप करायचं आणि एंटर मारायचं.

फोनवरून कमांड सांगणं म्हणजे एक वेगळाच खेळ आहे. ‘डी डोंबिवलीचा, एफ फोर्टचा. मग जागा सोड. मग वजा. मग एच हाजीअलीचा.’

‘वजा म्हणजे मायनस?’

‘हो गं बाई, मायनस.’

ही कमांड डिस्क किती भरलीय ते सांगते. उत्तर आलं, शंभर टक्के. बस्स! सापडलं.

डिस्क काठोकाठ भरली की डेस्कटॉपला सुरू होताना लागणाऱ्या छोट्या छोट्या फायली लिहायला जागाच उरत नाही. एक्सला तुमच्या होम फोल्डरमध्ये एक इवलीशी चिठ्ठी ठेवायची असते. ती ठेवता आली नाही की तो हात वर करतो आणि तुम्ही परत चौकोनासमोर. मग शंभर टक्के भरलेल्या डिस्कवर मागचा दरवाजा कसा चालला? एक तर नुसत्या अक्षरांच्या पडद्याला लिहायला फारसं काही लागत नाही. आणि दुसरं, लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ पद्धतीत पाच टक्के जागा रूट म्हणजे मालकासाठी राखून ठेवलेली असते. घरात पाहुणे कितीही झाले तरी मालकाला उभं राहायला जागा असते, म्हणून तर दुरुस्ती करता येते. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माझा सलाम.

पण भरली कशाने? तिने लगेच आळ स्वतःवर घेतला. ‘रेकॉर्डिंग्जमुळेच ना? उडवू का थोडी?’

थांब! हिशेब करू या. सीडीच्या दर्जाचं, न दाबलेलं रेकॉर्डिंग मिनिटाला दहा एमबीच्या थोडं वर खातं. म्हणजे तासाला सव्वासहाशेच्या आसपास, चाळीस तासांचे पंचवीसेक जीबी. डिस्क होती १२८ जीबीची. सिस्टीम आणि तिचं बाकीचं काम धरलं तरी गणित जुळत नव्हतं. चाळीसेक जीबी कुणीतरी गुपचूप गिळले होते. तो निघाला टाइमशिफ्ट. मिंटसोबत येणारा, अपडेटमुळे काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून सिस्टीमचे स्नॅपशॉट काढून ठेवणारा भला माणूस. त्याला रोज काढायला सांगितलं आणि तेही त्याच डिस्कवर, की हळूहळू तो अख्खं घर अडवून बसतो. आणि गंमत बघा, तो मुळात तुमच्या होम फोल्डरला हातच लावत नाही. म्हणजे चाळीस जीबी खाऊनही आजोबांच्या आवाजाची एक कॉपी त्याच्याकडे नव्हती.

मध्ये एक क्षण मात्र वाईट आला. फायली आहेत ना, एवढं तरी बघू म्हणून तिने फोल्डरची यादी काढली आणि पलीकडे एकदम शांतता. मग रडवेला आवाज. ‘सगळे चौकोन चौकोन आलेत. करप्ट झालंय सगळं.’

तिने फायलींची नावं मराठीत दिली होती. तो अक्षरांचा पडदा फार जुन्या वळणाचा आहे. त्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती येतात आणि जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा जुळवायची अक्कल त्याच्यात नाही. त्याला देवनागरी वाचता येत नाही, एवढंच. फायलींना काही झालेलं नसतं. आकारांचा रकाना बघायला सांगितला. एकेका फाइलपुढे चारशे, सहाशे, सातशे एमबी. आजोबा जागच्या जागी होते.

पुढचं काम पाच मिनिटांचं. टाइमशिफ्टच्या कमांडपुढे ‘डिलीट’ लिहिलं की तो स्नॅपशॉटची यादी दाखवतो आणि कुठला काढू ते विचारतो. (कमांडच्या आधी सुडो लावायचं. सुडो म्हणजे ‘मालकाच्या अधिकारात’.) सगळ्यात ताजा ठेवून बाकीचे काढले, अकरा जीबी मोकळे झाले, मशीन रीस्टार्ट केलं. सिनॅमनचा डेस्कटॉप काही झालंच नाही अशा थाटात हजर! पण झोपायच्या आधी तिला एक काम करायला लावलंच. सगळी रेकॉर्डिंग्ज भावाच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. रात्रीचा दीड वाजला, पण हस्तलिखितही वेळेत गेलं.

पासवर्डचा चौकोन फिरत राहतो त्याला दर वेळी डिस्कच कारण असते असं नाही. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मघाची ती चिठ्ठी. तिचं नाव एक्सअथॉरिटी, आणि नावाआधी टिंब असल्यामुळे एरवी ती दिसत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही एखादा खिडकीवाला प्रोग्राम सुडो लावून चालवलात, की कधी कधी या चिठ्ठीची मालकी रूटकडे जाते. मग आपल्याच घराची किल्ली दुसऱ्याच्या नावावर. मागच्या दरवाजातून जाऊन त्या फाइलचं नाव बदलून टाका, सिस्टीम नवी बनवते. उडवू नका, नावच बदला. ही सवय एकूणच चांगली. उडवलेलं परत येत नाही, नाव बदललेलं येतं.

आणि गोष्ट घरातली आहे की इमारतीची, हे ठरत नसेल तर एक नवीन युजर तयार करून बघा. तो सुखाने आत गेला तर तुमच्या सेटिंग्जमध्ये काहीतरी फसलंय. तोही बाहेर फेकला गेला तर गडबड सिस्टीमची आहे. डॉक्टर नाही का विचारत, घरात अजून कुणाला ताप आहे का?

आता एनव्हिडिया. या विषयावर मी शांतपणे लिहू शकेन असं वाटत नाही, पण प्रयत्न करतो. गेमिंगच्या मोहाने घेतलेल्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड असतं. कर्नलचं अपडेट येतं, कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी नीट बांधला जात नाही आणि दुसऱ्या दिवशी काळोख. टोरवाल्ड्स स्वतः २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात या कंपनीबद्दल बोलताना इतका वैतागला, की कॅमेऱ्याकडे बघून त्याने मधलं बोट दाखवलं आणि सोबत एक शिवीही हासडली. २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तेव्हापासून सूर जरा बदललाय. तरी अपडेटनंतरच्या काळ्या स्क्रीनमध्ये माझा पहिला संशय अजूनही तिथेच जातो.

यावरचा उपाय मात्र इतका सोपा आहे, की दुकानदारांना तो माहीत नसावा याचं आश्चर्य वाटतं. लिनक्स नवा कर्नल टाकताना जुना लगेच फेकून देत नाही. मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या मशीनवर शिफ्ट) दाबलंत की ग्रब नावाचा मेनू येतो. त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुने कर्नल झोपलेले असतात. एक पायरी खालचा निवडा. डेस्कटॉप आला? मग गुन्हेगार सापडला. आता आरामात बसून ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर काढून परत घाला. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर यानंतर रीस्टार्ट करताना एक निळा स्क्रीन येतो आणि किल्ली नोंदवायची का विचारतो. तो काही सेकंदच थांबतो. आपण त्या वेळी नेमके चहा आणायला जातो, संधी जाते, ड्रायव्हर चालत नाही आणि पुन्हा काळोख. तेव्हा चहा नंतर.

पडदा नुसता अडकण्याऐवजी कधी कधी कापूनही टाकला जातो, आणि तोही आपल्याच हाताने. लायनस सेबॅस्टियन हा कॅनडाचा यूट्यूबवाला. कॉम्प्युटरवरच पोट असलेला माणूस. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर गेम खेळण्यासाठी स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजमध्ये त्या दिवसांत एक गोची होती. कमांड दिल्यावर सिस्टीमने लांबलचक यादी दाखवली, की हे करायचं तर एवढं सगळं काढावं लागेल. त्या यादीत अख्खा डेस्कटॉप होता! पुढे जायचं तर ‘यस, डू अ‍ॅज आय से!’ हे वाक्य जसंच्या तसं टाइप करा, अशी अटही घातली. पठ्ठ्याने केलं. स्क्रीनवर उरली फक्त पांढरी अक्षरं. लोक त्याला हसले, पण मला विचाराल तर तो प्रत्येक नॉर्मल माणूस होता. आपण कधी ती यादी वाचतो? अ‍ॅप्ससुद्धा आपण ‘अ‍ॅग्री, अ‍ॅग्री’ करत टाकतो. पॅकेज दुरुस्त झालं आणि त्यानंतर ती पॅकेजं सांभाळणाऱ्या एपीटी या प्रोग्रामनेही असं सहज होऊ नये अशी सोय केली. तरी अपडेट करताना ‘रिमूव्ह’ या शब्दाखाली तुमच्या डेस्कटॉपचं नाव दिसलं तर हात कीबोर्डवरून उचला.

अलीकडे लोक काळ्या स्क्रीनचा फोटो काढून एआयला विचारतात. विचारा की, मीही विचारतो. कधी कधी तो फार छान सांगतो. पण त्याने दिलेल्या कमांडमध्ये आरएम, डीडी किंवा एमकेएफएस यातलं काही दिसलं तर ती चालवण्याआधी जाणत्या माणसाला फोन करा. यातला पहिला फायली उडवतो, दुसरा एका डिस्कवर दुसरं काहीही ओतू शकतो आणि तिसरा तर चक्क फॉरमॅटच असतो, फक्त इंग्रजीत आणि रुबाबात.

आणि काहीच जमलं नाही तर? मागचा दरवाजाही उघडला नाही, तर? तेव्हासुद्धा फॉरमॅट नाही. ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलंत तोच लावा आणि ‘इन्स्टॉल’ न करता नुसता त्याच्यावरून कॉम्प्युटर चालू करा. पाहुणा डेस्कटॉप येईल. त्यातून तुमची डिस्क उघडा, होम फोल्डर दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तेव्हाची पासफ्रेज लागेल. ती विसरला असाल तर मग देवसुद्धा मदत करू शकत नाही. एन्क्रिप्शनचा अर्थच तो. कॉपी झाली की मग खुशाल दुकानात जा, लॅपटॉप काउंटरवर ठेवा आणि तो पोरगा फॉरमॅट म्हणाला की आनंदाने हो म्हणा. फक्त विचारा, त्याच्याकडे मिंट आहे का, की पेनड्राइव्ह तुम्हीच देऊ.